फिकी पट्टी

जिन्यावर चपला वाजल्या तेव्हा ती पट्टी माझ्या कंपासपेटीत होती, प्रोट्रॅक्टरच्या खाली. बाबांच्या दवाखान्याला बावीस पायऱ्या आहेत. चौदाव्या पायरीपाशी खिडकी आहे आणि तिथे सगळे पेशंट थांबतात. खाली काचीगुड्याचा रस्ता बघतात, गाल धरतात, परत जावं का असा विचार करतात, आणि मग वर येतात. या चपला चौदाव्या पायरीवर थांबल्या नाहीत. म्हणजे दात दुखणारं कुणी नव्हतं. म्हणजे तपासणीच्या मॅडम. मी कंपासपेटी मांडीवर घेतली, मग टेबलावर ठेवली, मग परत मांडीवर. शनिवारी दवाखान्यात कंपासपेटी घेऊन कोण बसतं? दहावीची मुलगी बसू शकते, भूमिती करते म्हणून. पण भूमितीचं पुस्तक घरीच राहिलं होतं, आणि हे माझ्या आत्ता लक्षात येत होतं.

काल शाळेतून आले तेव्हा मी कसली खुशीत होते! गेले दोन महिने मी खुशीतच होते, खरं सांगायचं तर. दातांवरच्या तारा निघाल्यापासून. तीन वर्षं मी ओठ मिटून हसले, वर्गाच्या फोटोत उंच मुलींच्या मागे जाऊन उभी राहिले, आणि तारा निघाल्यावर तिसऱ्याच आठवड्यात आंतरशालेय भाषणाचा कप घेऊन घरी आले. तेव्हापासून मला सगळंच येतं असं वाटायला लागलं होतं. जीभ सारखी दातांवरून फिरायची. गुळगुळीत, गुळगुळीत, गुळगुळीत. गॅस सिलेंडरवाल्याशी तेलुगूत भांडले, जिंकले. आईच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात माईक हातात घेतला. आणि बुधवारी बाबांना फोन आला की दवाखान्याचं रजिस्ट्रेशन संपतंय, शनिवारी अकरा वाजता तपासणी, आणि बाबा फोन ठेवून नुसतेच भिंतीकडे बघत बसले, तेव्हा मीच म्हणाले, “रजिस्टरचं ना? द्या इकडे. मी करते.” बाबा म्हणाले, “दर्शू, तारखा कमलअक्काला विचार. जे माहीत नाही ते रिकामं ठेव.” मी ऐकलं. म्हणजे कानांनी ऐकलं.

ते रजिस्टर म्हणजे ऑटोक्लेव्हचं. ऑटोक्लेव्ह म्हणजे हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचं मशीन. कमलअक्का त्याला कुकर म्हणते आणि शिट्टी का होत नाही म्हणून अजून तिला नवल वाटतं. कमलअक्का बाबांकडे मदतनीस म्हणून सतरा वर्षं आहे, बाबांचा दवाखाना एकोणीस वर्षं. दर खेपेला हत्यारांबरोबर एक कागदी पट्टी आत टाकायची. पट्टीवर एक फिकट गोल असतो. आत वाफ नीट खेळली तर तो काळाकुट्ट होऊन बाहेर येतो. बाबा ती ट्यूबलाइटखाली धरतात, एक डोळा बारीक करतात, “हं” म्हणतात, आणि मगच हत्यारं उघडतात. हे मी लहानपणापासून बघत आलेय. मग ती पट्टी तारीख घालून रजिस्टरात चिकटवायची. रिसेप्शनवरची रुपाली होती तोवर चिकटवली जायची. फेब्रुवारीत तिचं लग्न झालं, ती निजामाबादला गेली, आणि तेव्हापासून पट्ट्या उस्मानिया बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात पडत राहिल्या. “नंतर चिकटवू.” आमच्या घरात ‘नंतर’ नावाचा एक मोठा डबाच आहे, त्यात बाबांचं सगळं मावतं. मशीनचं रबर मात्र ते नंतर बदलत नाहीत. हात धुणं नंतर करत नाहीत. कागद तेवढा नंतर.

मी डबा पालथा केला तेव्हा पट्ट्यांचा ढीग पडला. कुठे तारीख नाही, काही नाही. कमलअक्काला विचारलं, “ही कधीची?” ती म्हणाली, “काय की.” “आणि ही?” “काय की गं, माझ्या माये, काळी झाली म्हंजे झाली की.” मग मी विचारणं सोडलं. भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेतलं, रविवार वगळले, आणि रोजची एक याप्रमाणे फेब्रुवारीपासून भरत सुटले. स्केलने रेघा आखल्या. सुरू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, तापमान, निकाल. रिकामा रकाना मला बघवत नाही. पडलेल्या दातासारखा दिसतो. आणि ऐका, मी किती हुशार! एकाच पेनाने लिहिलं तर एका दिवशी लिहिलेलं कळेल, म्हणून निळं, काळं आणि जेल अशी तीन पेनं वापरली. मध्येच एक ओळ जरा तिरकी काढली, घाईत लिहिल्यासारखी. ती तिरकी ओळ काढताना मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी हसले, दात दाखवून, एकटीच.

आणि मग ती हातात आली. फिकी. गोल जसा पाकिटातून येतो तसाच, दुधाच्या सायीच्या रंगाचा. मी ती उजेडात धरली, बाबांसारखा एक डोळा बारीक केला. नाहीच. काळेपणाचा ठिपकाही नाही. मी तिला दुसरं बोटसुद्धा लावलं नाही, उलटी करून बघितलं नाही, तशीच कंपासपेटीत सरकवली, वर प्रोट्रॅक्टर ठेवला आणि झाकण दाबलं. एक कमी पडली तर काय, एका दिवशी खेप लावलीच नाही म्हणायचं. उरलेल्या सगळ्या काळ्या, एका ओळीत, मुंग्यांच्या रांगेसारख्या. बाबा आले, घाईघाईने पानं उलटत गेले, “वा! अक्षर बघ पोरीचं,” म्हणाले आणि प्रत्येक पानाखाली सही करत गेले. तेवढ्यात आग विझवायच्या नळकांड्याचा माणूस आला आणि ते त्याच्याकडे वळले.

पण कालपासून मनात ती पट्टी एकेका दिवसावर ठेवून बघतेय. कोणता दिवस तो? त्या दिवशी खुर्चीत कोण होतं? बाबांचे जुने पेशंट हिम्मतरावआजोबा, त्यांच्या खालच्या दाढा एप्रिलमध्ये काढल्या. ते तेव्हापासून खोकतातच आहेत. कमलअक्काचं रूट कॅनाल मे महिन्यात. जीवशास्त्राच्या पुस्तकातले सगळे रोग मला पाठ आहेत, कशातून पसरतात तेही. आणि सकाळी दात घासताना, ब्रश तोंडात असताना, मला एकदम आठवलं की मीही होते. तेरा जून. शाळा उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी. माझी जीभ दातांवरून फिरायची थांबली. फेस तसाच तोंडात, मी आरशात बघत राहिले.

तेरा जूनचं मी बाबांना अजून माफ केलेलं नाही. हिमायतनगरला शिरीनचा वाढदिवस होता, सहा वाजता. बिनतारांच्या दातांनी सगळ्यांसमोर जायचं, पहिल्यांदा! बाबांनी चारला बोलावलं होतं. मी पावणेचारला खुर्चीत बसले, गळ्याला साखळीचा रुमाल लावून घेतला आणि तोंड उघडून तयार झाले. बाबा पडद्यामागे गेले, बाहेर आले आणि म्हणाले, “थांब थोडं.” थोडं म्हणजे किती? परत पडद्यामागे. काहीतरी उघडल्याचा आवाज, कमलअक्काची कुजबुज, मग त्या कुकरची फुसफुस. सव्वाचार, पावणेपाच, पाच. खाली गाडी गेली की ट्रेमधली हत्यारं किणकिणायची, पण त्या दिवशी ट्रे रिकामा होता, काहीच किणकिणलं नाही. मला वाटलं आतल्या आत दुसऱ्याच कुणाचं काम चाललंय. मी ओरडले. “तुम्हाला माझं काहीच नसतं! बाहेरच्या पेशंटला असं बसवलं असतं का?” बाबा हातात फडकं घेऊन पडद्याआडून डोकावले. म्हणाले, “बसवलं असतं.” बस्स, एवढंच. तारा निघाल्या तेव्हा पावणेसात वाजले होते. शिरीनकडे केक संपला होता आणि मुली उठायला लागल्या होत्या. शिरीन म्हणाली, “इत्ती लेट कायकू आई रे?” मी म्हणाले, ट्रॅफिक. स्वतःच्या बापाने बसवून ठेवलं असं कोण सांगणार?

मॅडम दारात आल्या. मला वाटलं होतं कुणी उंच, चष्मेवाली येईल. या माझ्याहून बुटक्या, केसांत जाईचा गजरा, काखेत रेक्झिनची फाइल. त्यांनी आधी चपला काढल्या आणि कोपऱ्यात नीट जोडून ठेवल्या, त्याचीच मला भीती वाटली. इतकं नीट ठेवणाऱ्या माणसाला सगळं दिसतं. बाबांनी आजच्या सगळ्या पेशंटना यायचं नाही म्हणून कळवलं होतं, तरी हिम्मतरावआजोबा बाकावर येऊन बसलेच होते, कवळीसाठी. आजोबा हायकोर्टात वकील होते, निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, आता दात नसल्यामुळे युक्तिवाद कमी करतात असं बाबा म्हणतात. “क्या डॉक्टर साब, मेरे दातां आज तो देते ना?” त्यांनी मॅडमसमोरच विचारलं. बाबा म्हणाले, “आजोबा, आज तपासणी आहे.” “हौ, तो मैं भी साक्षीदार हूँ. बैठता.” मॅडम हसल्या. मी हसले नाही, आणि मग हसायला हवं होतं की काय म्हणून एकटीच उशिरा हसले.

त्या सगळीकडे गेल्या. पिवळी पिशवी, लाल पिशवी, सुया तोडायचं यंत्र, नळकांड्यावरची तारीख, एक्स-रेचा कागद. बोटाने सिंकच्या कडेखाली पुसून बघितलं आणि बोट नाकाशी नेलं. मशीनचं दार उघडून रबर दाबलं. “ये नया है,” त्या म्हणाल्या. “हर चार महिने बदलता हूँ,” बाबा म्हणाले. कागदावर एकामागून एक बरोबरच्या खुणा पडत गेल्या, आणि प्रत्येक खुणेबरोबर बाबांचे खांदे थोडे थोडे खाली आले. बुधवारपासून ते खांदे कानाला टेकले होते. मला वाटलं, झालं, सुटलो. खाली गाडी गेली. ट्रे किणकिणला. आणि मॅडम रजिस्टर घेऊन खिडकीपाशी बसल्या.

पानं उलटल्याचा आवाज इतका मोठा असतो हे मला माहीत नव्हतं. फेब्रुवारी. मार्च. मॅडमचं बोट माझ्या रेघांवरून चाललं होतं, आणि माझी ती तिरकी ओळ आली तेव्हा मला दिसलं की ती किती खोटी आहे. घाईत माणूस अशी ओळ काढतच नाही. बोट थांबलं. “डॉक्टर साब, उगादी के दिन दवाखाना खुल्ला रखे थे?”

उगादी म्हणजे पाडवा. रविवार तेवढे वगळले मी, आणि पाडवा विसरले! त्या दिवशी सकाळी मीच बाबांच्या हातावर कडुलिंब ठेवला होता, मीच म्हणाले होते, आज बंद ना दवाखाना, चला ना कुठेतरी. आणि रजिस्टरात, जेल पेनाने, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी खेप सुरू. बाबा पुढे झाले, वाकून बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. “बंद था, मॅडम,” ते म्हणाले. “ये गलत लिखा है. मेरी गलती. मैंने देखे बगैर सही की.”

“लिखे कौन?”

“सही मेरी है,” बाबा म्हणाले.

मॅडमनी पान मिटलं नाही. पुढे उलटत गेल्या, आता भरभर, वाचत नसल्यासारखं. “छे महिने में एक बी फेल नहीं?” त्यांनी विचारलं. “मशीन है. कभी तो फेल होती. सब पास लिखे तो मेरेकू ज्यादा डर लगता.”

आणि बाबांचा चेहरा उजळला. मी तो कधी विसरणार नाही. पेपरात उत्तर माहीत असलेला प्रश्न दिसल्यावर मुलांचा होतो तसा. “हुई ना, मॅडम! एक बार हुई. जून में. उसमें लगाया है, देखिए.” त्यांनी रजिस्टर आपल्याकडे वळवलं. जूनचं पान. काळी, काळी, काळी. बोट परत वर गेलं, परत खाली आलं. मेचं पान. जुलैचं. परत जून. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या. “थी,” ते म्हणाले, “मैंने खुद डब्बे में डाली थी.” कमलअक्का पदर चाचपत म्हणाली, “व्हती की, मी बघितली की,” पण ते मराठीत, आणि मॅडम डोळे खाली घालून पेनचं टोपण लावत होत्या. हळूच म्हणाल्या, “डॉक्टर साब, आपका मशीन साफ, हाथ साफ, सब साफ. मगर बंद दिन का पास लिखा है, और जो फेल बोलते वो है नहीं. ये पूरी किताब मैं झूठ मानूँ तो मैं आज सही नहीं कर सकती. सही नहीं तो बोर्ड उतारना पडता.”

बाकावरून आजोबा म्हणाले, “मॅडम, ये आदमी झूठ बोलना सीखता तो आज बंजारा हिल्स के बंगले में रहता.” कुणी हसलं नाही. आजोबाही नाही.

बोर्ड. खाली रस्त्यावरून दिसतो तो, निळा, ‘डॉ. अनंत देगलूरकर’, ज्यात ‘ळ’ नाही, पण मी लहानपणी हट्टाने ‘देगळूरकर’ वाचायचे तो. मला उभं राहायचं होतं. कपाच्या वेळी नाव पुकारलं तेव्हा मी उडी मारून उभी राहिले होते. आता कंपासपेटी मांडीवर धरून बसूनच होते. आणि बाबा अजून शोधत होते, पानांच्या मध्ये, बांधणीत, जणू ती सरकून आत गेली असेल, आणि ते हळूच, मराठीत, स्वतःशीच म्हणाले, “टाकली होती मी.” त्यांना स्वतःवरच शंका यायला लागली होती. तो आवाज ऐकला आणि माझा अंगठा आपोआप झाकणाखाली गेला. कंपासपेटी उघडली. खट्‌. सगळ्यांनी वळून बघितलं.

“माझ्याकडे आहे,” मी म्हणाले. माझा भाषणाचा आवाज नव्हता तो. तारा असतानाचा होता, मिटल्या ओठांतला. “मीच काढून ठेवली. रजिस्टर मी लिहिलं, काल. सगळं. तारखा पण माझ्याच मनाने. बाबांना माहीत नाही.” मग हे मॅडमना कळणार नाही म्हणून सगळं परत, हिंदीत. दुसऱ्यांदा बोलणं जास्त कठीण होतं. “खराब दिखेगा करके निकाली,” मी म्हणाले. पट्टी टेबलावर ठेवायला गेले तर ती बोटांतून सुटली, आणि पडताना उलटी झाली.

मागे लिहिलेलं होतं. पेन्सिलीने, बाबांच्या मुंगळ्यांसारख्या अक्षरात. मॅडमनी ती उचलली, डोळ्यांजवळ नेली. “ये मराठी है? पढो, अम्मा.”

मी वाचलं. आधी मनात, मग मोठ्याने, आणि मग हिंदीत.

“तेरा जून. चार वाजता. फेल. रबर बदललं, सगळं परत लावलं. पाच चाळीस, ठीक. एकही हत्यार वापरलं नाही. दर्शू बसली आहे.”

“दर्शू कौन?”

मी परत तेरा जूनच्या खुर्चीत होते. माझ्या गळ्याला तो साखळीचा रुमाल होता, ट्रे रिकामा होता, पडद्यामागे कुकर फुसफुसत होता आणि मी ओरडत होते. बाबा म्हणाले, “मेरी बेटी. ये.” मॅडमनी माझ्याकडे बघितलं, बहुतेक माझ्या दातांकडे, कारण मी तोंड उघडं ठेवूनच उभी होते.

सही त्यांनी केली नाही. पण बोर्डही उतरवायला सांगितला नाही. शेरा लिहिला: सध्याचं रजिस्टर रद्द, नवीन सुरू करावं, पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी. रद्द करायचं काम मला दिलं. माझ्याच स्केलने, प्रत्येक पानावर, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ. मी मारत गेले. बाबांची सही प्रत्येक रेघेखाली येत होती. ती फिकी पट्टी मॅडमनी स्वतः नव्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर चिकटवली, उलटी, अक्षरं वर करून. “ये एकीच सच्चा कागज है इधर,” त्या म्हणाल्या, चपला घातल्या, आणि जिना उतरून गेल्या. चौदाव्या पायरीवर तेव्हाही थांबल्या नाहीत.

मला वाटलं आता बाबा बोलतील. मी उभी राहिले, बोलून घ्यायला. ते सिंकपाशी गेले, कोपरापर्यंत हात धुतले, आणि म्हणाले, “कमल, खेप लाव. आजोबांची कवळी घासून द्यायचीय.” कमलअक्काने हत्यारं आत ठेवली आणि नवी पट्टी माझ्या हातात दिली. “टाक तूच,” ती म्हणाली. “कप जिंकलेल्या बाई. मला इचारलं असतंस अजून एकदा, तर तेरा जूनचं मी सांगितलं नसतं व्हय? तू काय कमी वरडलीस त्या दिवशी?” मी पट्टी आत टाकली. दार बंद केलं. फुसफुस सुरू झाली.

“और कित्ती देर?” बाकावरून आजोबा.

“थांबा थोडं,” बाबा म्हणाले.

मी मशीनसमोर स्टूल घेऊन बसले, मांडीवर नवं रजिस्टर. पहिली ओळ. तारीख लिहिली, सुरू केल्याची वेळ लिहिली. पुढचे रकाने रिकामे. खाली गाडी गेली आणि ट्रेमधलं काहीच किणकिणलं नाही, कारण सगळं आत होतं. मला जागेवर बसवेना. एक पाय सारखा हलत होता, जीभ दातांवरून फिरायची, थांबायची, परत फिरायची. अजून पस्तीस मिनिटं. मी पेनला टोपण लावलं.